केस वाढत नाहीत? तेलाच्या आधी मोजपट्टी आणा

दोन वर्षं माझे केस खांद्यावरच अडकून बसले होते. पार्लरवाली म्हणायची दर महिन्याला ट्रिम करा, आई म्हणायची तेल लावत नाहीस म्हणून, जाऊबाई म्हणायच्या तुमच्या भांडुपचं पाणीच तसलं, आणि मी प्रत्येकाचं थोडं थोडं ऐकत अकरा-बारा हजार रुपये तेलं, सीरम आणि बायोटिनच्या गोळ्यांत घालवले. शेवटी कळलं की केस वाढायच्या वेगात काहीच गडबड नव्हती, ते व्यवस्थित वाढत होते. गडबड दुसरीकडे होती, म्हणजे एक नाही दोन ठिकाणी. म्हणून हे लिहितेय. मी जे ज्या क्रमाने केलं तसं नाही, तर ज्या क्रमाने करायला हवं होतं तसं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी-औषध सुरू करायचं तर डॉक्टरांना विचारूनच करा.

आधी एवढं जमवून ठेवा

- टेलरकडची मोजपट्टी आणि शाळेची साधी स्केल (मिलिमीटरवाली)
- मोबाईल, फोटोसाठी. जागा, उजेड आणि भांग दर वेळी तोच
- एक पांढरा आणि एक काळा कागद, गळलेले केस बघायला
- मागच्या ६-८ महिन्यांचं कॅलेंडर
- जुने ब्लड रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी (सप्लिमेंटसकट)
- आधार कार्ड, सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलला जाणार असाल तर

१. आधी केसाचं गणित समजून घ्या

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर. यात माणसामाणसात थोडा फरक असतो, पण महिन्याला ३-४ इंच वाढवतो असं कुठलंही तेल सांगत असेल तर ती बाटली तिथेच ठेवा.

प्रत्येक केसाचा वाढीचा एक काळ असतो, डोक्यावर तो साधारण २ ते ६-७ वर्षांचा. मग तो केस २-३ आठवडे थांबतो, नंतर तीनेक महिने नुसता आराम करतो आणि गळतो. त्याच जागी नवा येतो. भुवया कमरेपर्यंत का वाढत नाहीत? कारण त्यांच्या केसांचा वाढीचा काळ काही महिन्यांचाच असतो, वाढायला सुरुवात केली न केली तोच संपला. डोक्यावरही तसंच आहे. काहींचा हा काळ जन्मतःच लांब असतो, काहींचा आखूड. शेजारणीची वेणी कमरेखाली आणि आपली खांद्यापर्यंत, यात शिकेकाईचा हात कमी आणि आजी-पणजीचा जास्त असतो.

आणि रोज ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, बाथरूमच्या जाळीवरचा गुंता बघून रडू नका. चार दिवसांनी नहाणाऱ्याचे चार दिवसांचे एकदम दिसतात. गळतील म्हणून केस धुणंच टाळायचं ही चूक मी दोन महिने केली. जे सुटलेले असतात ते निघणारच, आज नाही तर परवा.

२. वेग खरंच मोजा

हे मला सुचलं तेव्हा मी आरशासमोर एकटीच हसले. मी कानशिलावर पांढरे झाकायला कलर लावते. महिन्याभराने मुळाशी जी पांढरी पट्टी दिसते, जिच्यामुळे आपण वैतागतो, तीच तर महिन्याची वाढ! स्केल लावली, ११ मिलिमीटर. म्हणजे कारखाना सुरू आहे, माल रस्त्यात कुठेतरी गळतोय.

कलर किंवा मेंदी लावणाऱ्यांना हे सोपं आहे. लागल्या दिवशी तारीख लिहा, ३० दिवसांनी मोजा. जे लावत नाहीत त्यांनी कानामागची आगपेटीच्या काडीएवढी बारीक बट मुळाशी कापायची आणि महिन्याने तिचीच उंची मोजायची, कोणाला दिसतही नाही. पुरुषांना तर झिरो मशीन मारल्यावर आयतीच सोय.

१ सेंटिमीटरच्या आसपास आलं तर "वाढ स्लो आहे" हा विषय बंद. प्रश्न मग एवढाच की वाढलेली लांबी जाते कुठे.

सापळा: ट्रिम केल्याने केस लवकर वाढतात हे खोटं आहे. डोक्याबाहेरचा केस जिवंत नसतो, टोक कापलं ते मुळाला कळत नाही. दुभंगलेली टोकं वर वर चिरत जाऊ नयेत म्हणून तीन-चार महिन्यांनी थोडं कापणं ठीक. पण दर महिन्याला अर्धा इंच म्हणजे सव्वा सेंटिमीटर, आणि वाढ एक सेंटिमीटर. मी दोन वर्षं पैसे देऊन ही वजाबाकी करून घेत होते. लहान मुलांचं जावळ काढल्याने केस दाट येतात तेही तसंच, हौस म्हणून काढा हो, पण त्याने मुळं वाढत नाहीत.

३. तुटतात, गळतात की पातळ होतात?

उशीवरचे, कंगव्यातले, फरशीवरचे वीस-पंचवीस केस उचला आणि कागदावर ठेवा. काळे केस पांढऱ्यावर, पांढरे काळ्यावर.

तुटतायत: तुकडे आखूड-लांब असतात, दोन्ही टोकांना काही नसतं, टोकं फाटलेली असतात. माझ्या वीसपैकी निम्मे असे होते.

गळतायत: पूर्ण लांबीचा केस, एका टोकाला बारीकसा पांढरा ठिपका. लोक त्याला "मूळच निघालं, आता परत येणार नाही" म्हणून घाबरतात. मूळ आत शाबूत असतं, तो ठिपका आराम करून गळलेल्या केसाचं टोक आहे फक्त. अजून एक टेस्ट म्हणजे न धुतलेल्या केसांची ५०-६० केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढा. दर वेळी ५-६ किंवा जास्त हातात येत असतील तर गळती जास्त आहे.

पातळ होतायत: भांग रुंद होत चाललाय, पोनीटेलचा रबर दोनऐवजी तीन वेढे घेतो, पुरुषांचे कपाळाचे कोपरे मागे चाललेत आणि टाळूवर विरळ होतायत. इथे केस नुसता गळत नाही, नवा येणारा प्रत्येक केस आधीपेक्षा बारीक आणि कमी काळ वाढणारा असतो. हे बहुतेक वेळा आनुवंशिक आणि हार्मोनचं. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, पिंपल्स असं सोबत असेल तर पीसीओएस (अंडाशयाशी जोडलेला हार्मोनचा बिघाड) तपासून घ्या. यात वाट बघण्यात तोटा असतो, लवकर जाल तेवढे केस वाचतात.

चट्टा पडलाय: रुपयाच्या नाण्याएवढी गुळगुळीत जागा म्हणजे चाई असू शकते. त्यावर लसूण, कांदा, कसला कसला पाला चोळून कातडी भाजून घेतलेले लोक मी ओपीडीत बघितलेत. सरळ स्किनच्या डॉक्टरांकडे जा. लहान मुलाच्या डोक्यात खपल्या, खाज आणि तुटके केस असतील तर तो गजकर्णासारखा बुरशीचा प्रकार असू शकतो, त्याला पोटातून औषध लागतं, नुसत्या मलमाने जात नाही.

४. कॅलेंडर तीन महिने मागे फिरवा

माझे केस दिवाळीत गळायला लागले, मुठी-मुठीने. त्याच आठवड्यात नवीन शाम्पू आणला होता म्हणून त्याला शिव्या घालून तो कामवाल्या मावशींना देऊन टाकला. (त्यांचे केस अजून मस्त आहेत.) डॉक्टरांनी विचारलं, गणपतीच्या आसपास काही झालं होतं का? झालं होतं ना, डेंग्यू! चार दिवस ॲडमिट, ताप १०३, आणि त्याआधी श्रावणी सोमवार साबुदाण्यावर.

तर हे असं असतं. मोठा ताप, डेंग्यू, टायफॉईड, कोविड, ऑपरेशन, बाळंतपण, घरातला मोठा धक्का, क्रॅश डाएट, यातलं काही झालं की शरीर बरेचसे केस एकदम वाढीतून काढून आरामात बसवतं. आराम दोन-तीन महिन्यांचा, त्यामुळे गळती तेवढीच उशिरा सुरू होते. तोपर्यंत आपण आजार विसरलेलो असतो आणि दोष शाम्पूला, पाण्याला, नाहीतर कोणाच्या नजरेला. कारण गेलं असेल तर ही गळती बहुतेकांची सहाएक महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात.

नवीन सुरू केलेल्या किंवा बंद केलेल्या औषधांच्या तारखाही लिहा. बीपीची, फिटची, रक्त पातळ करणारी आणि पिंपल्सवरची काही औषधं, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, यानेही केस गळू शकतात. पण म्हणून स्वतःहून बीपीची गोळी बंद करू नका, प्लीज.

५. ब्लड टेस्ट: चार-पाच पुरे

लॅबवाले ८० टेस्टचं पॅकेज गळ्यात मारतात. डॉक्टर सहसा एवढंच सांगतात: सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडची), व्हिटॅमिन डी, बी१२. पाळीचा प्रॉब्लेम असेल तर हार्मोनच्या वेगळ्या.

यातला फेरिटिन नीट समजून घ्या. हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातले पैसे आणि फेरिटिन म्हणजे बँकेतले. माझं हिमोग्लोबिन १२.१ होतं, बाईसाठी १२ च्या वर म्हणजे पास, म्हणून फॅमिली डॉक्टर म्हणाले सगळं छान आहे. फेरिटिन निघालं ११. पाकीट भरलेलं दिसत होतं कारण बँक रिकामी करून करून ते भरलं जात होतं, आणि शरीराच्या हिशोबात केस हा चैनीचा खर्च आहे, कपात तिथून सुरू होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या, आणि ते नुसतं हिमोग्लोबिनवरून.

तापात किंवा इन्फेक्शनमध्ये फेरिटिन करू नका, तेव्हा ते खोटं वाढलेलं येतं.

सापळा, आणि हा मोठा आहे: बायोटिन, म्हणजे बी गटातलं एक व्हिटॅमिन. दिवसाची गरज ३०-४० मायक्रोग्रॅम, केसांच्या गोळीत १०,०००. ज्याला बायोटिनची कमतरता नाही (आणि ती सहसा कोणाला नसते) त्याला या गोळीचा फायदा झाल्याचा धड पुरावा नाही. वर तिच्यामुळे थायरॉईडच्या टेस्टचे आकडे चुकीचे येऊ शकतात. हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन टेस्टही चुकू शकते, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तशी सूचनाच काढली होती. रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी गोळी बंद करा आणि लॅबमध्ये सांगा. माझी पहिली थायरॉईड टेस्ट यापायी परत करावी लागली. आणि "अजून एक घेऊ" म्हणून व्हिटॅमिन ए, सेलेनियम वगैरे ढिगाने घेऊ नका, ते जास्त झालं तर त्यानेच केस गळतात.

६. डॉक्टर गाठणे, आणि केसांसाठी केस पेपर

मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या हॉस्पिटलांत त्वचारोगाची ओपीडी आहे, जेजेलाही आहे. ओपीडी सकाळची असते. आधी खाली केस पेपर काढायचा, मग स्किन विभाग, मग रांग. मी साडेसातला जाऊन उभी राहिले तरी बारा वाजले, त्यामुळे हाफ डे नाही, पूर्ण सुट्टी टाका, पाण्याची बाटली आणि डबा घ्या. केस पेपर जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच लागतो. पण तपासणी नीट झाली, कोणी मला काही विकायला बघितलं नाही, आणि खर्च म्हणाल तर जाण्यायेण्याचा जास्त झाला.

प्रायव्हेटला जाणार असाल तर डिग्री बघा: त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर. "हेअर एक्स्पर्ट", "ट्रायकॉलॉजिस्ट" अशी नुसती पाटी पुरेशी नाही. मी आधी एका चकाचक क्लिनिकमध्ये फ्री चेकअपला गेले होते, तिथे डोक्यावर कॅमेरा लावून स्क्रीनवर माझी टाळू शेतासारखी मोठी करून दाखवली, कोणाचीही तशी भयाणच दिसते, आणि दहा मिनिटांत आठ सिटिंगच्या पीआरपीचं (आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग डोक्याच्या कातडीत टोचतात ते) पॅकेज ईएमआयसकट समोर. डॉक्टर कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. पीआरपीचा आनुवंशिक पातळपणात काहींना उपयोग होतो, पण डेंग्यूनंतरची जी गळती आपोआप थांबणार होती तिच्यावर ते मारलं असतं तर सहा महिन्यांनी मीच सगळ्यांना सांगितलं असतं, बघा किती गुण आला.

७. डब्यात काय आहे ते बघा

केस म्हणजे केराटिन, म्हणजे प्रोटीन. वजनाच्या किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम रोज लागतं, ५५ किलोला ४४-४५ ग्रॅम. मी एक दिवस प्रामाणिकपणे लिहून काढलं: सकाळी चहा-खारी, डब्यात दोन पोळ्या आणि दुधी, संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत बसायच्या आधी वडापाव, रात्री वरणभात. तिशीपर्यंतही जाईना.

मी जे बदललं ते असं. सकाळी दोन अंडी (एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास), डब्यात भाजीसोबत मटकी, चवळी किंवा मसूर असतेच, त्यावर लिंबू पिळून, कारण सी व्हिटॅमिनने कडधान्यातलं लोह नीट शोषलं जातं. रविवारी बांगडा नाहीतर मांदेली. थंडीत अळिवाचे लाडू, बाळंतिणीला देतात तेच, अळिवात लोह खरंच चांगलं असतं. गुळाच्या खड्याने रक्त वाढतं यावर मात्र फार विसंबू नका, साखर जास्त आणि लोह थोडंच.

आणि जेवणावर चहा बंद. हे सगळ्यात जड गेलं. चहाने लोहाचं शोषण कमी होतं, तासाभराचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही चहा, दूध, कॅल्शियमसोबत नको, थायरॉईडची गोळी घेत असाल तर दोघींत चार तास. गोळीने शी काळी होते, घाबरू नका. पोट साफ होत नसेल तर गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.

८. तुटणं थांबवा (माझा निम्मा प्रश्न इथे होता)

सकाळी साडेसहाला केस धुवायचे, ओलेच वर घेऊन क्लचर लावायचा, गर्दीत कोणाच्या बॅगेत अडकू नयेत म्हणून करकचून, आणि ऑफिसला पोचल्यावर सोडायचे. ओला केस ताणला की सहज तुटतो. माझे सगळे तुटके केस बरोबर क्लचरच्या दातांच्या उंचीवर होते, डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा कळलं.

- केस रात्री धुवा, म्हणजे सकाळी कोरडे. ट्रेनमध्ये सैल वेणी.
- टॉवेलने फटके मारू नका, जुन्या सुती टीशर्टने टिपा.
- गुंता टोकाकडून सोडवत वर या, मोठ्या दातांचा कंगवा, धुतल्यावर कंडिशनर फक्त लांबीला.
- रोज एकाच जागी घट्ट पोनी किंवा आंबाडा नको. वर्षानुवर्षं ताण बसला तर कपाळाजवळचे केस कायमचे जातात.
- स्ट्रेटनिंग, केराटिन ट्रीटमेंट, वर हायलाइट, हे सगळं एकाच वर्षात नको.

पाण्याचं म्हणाल तर जाऊबाई अर्ध्या बरोबर होत्या. पालिकेचं तलावाचं पाणी फारसं जड नसतं, पण टँकरचं आणि बोअरचं असू शकतं. (पाणी शुद्ध करायचा प्लँट आमच्या भांडुपात आणि उन्हाळ्यात टँकर आमच्याच गल्लीत, काय बोलणार.) जड पाण्याने केस राठ होतो, गुंततो, तुटतो. मुळातून वाढ थांबत नाही. शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घेतला तरी चालतं, महागडा शॉवर फिल्टर घ्यायची घाई नको.

९. तेल आणि कोंडा

आईला वाईट वाटेल, पण तेलाने केस मुळातून जोरात येत नाहीत. खोबरेल मात्र धुण्याआधी लांबीला लावलं तर धुताना होणारं नुकसान कमी होतं, म्हणजे तुटणं कमी, म्हणजे लांबी टिकते. तासभर पुरे. मुंबईच्या घामात आठवडाभर तेलकट डोकं ठेवलं तर कोंडा वाढतो, कारण कोंड्यातली यीस्ट तेलावरच जगते. कोंडा आणि खाज असेल तर केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून मग धुवा. लगेच धुतलात तर पैसे मोरीत.

१०. मिनोक्सिडिलचं थोडक्यात

मुळात हे बीपीचं औषध, साइड इफेक्ट म्हणून केस यायला लागले आणि मग लोशन निघालं. आनुवंशिक पातळपणात उपयोगी आहे. पण सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढते, तिथेच बरेच जण घाबरून सोडतात. फरक दिसायला ४ ते ६ महिने, आणि बंद केलं की मिळवलेलं हळूहळू जातं. प्रेग्नन्सीत किंवा बाळ अंगावर पीत असताना नाही. मित्राची बाटली बघून सुरू करू नका.

११. मग किती वाट बघायची

उपचार सुरू केल्यापासून पहिले तीन महिने काहीच दिसत नाही, फक्त जाळीवरचा गुंता कमी होतो. चार-सहा महिन्यांत कपाळाजवळ आखूड केस उभे राहायला लागतात, तेलाने बसत नाहीत, फोटोत मूर्ख दिसतात, तेच नवे केस. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत यायला दोन वर्षं धरा. फोटो महिन्यातून एकदाच काढा, रोज आरशात बघून काही कळत नाही.

फेरिटिन तीनेक महिन्यांनी परत करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. माझं ११ वरून ३४ आलं तेव्हा मी आनंदाने लोहाच्या गोळ्या बंद करणार होते, डॉक्टरांनी अजून तीन महिने चालू ठेवायला सांगितल्या.